गिटारला गुदगुल्या

घरात गिटार शिकणारं मूल असेल, तर मैत्रिणींनो, एक ना एक दिवस तुमच्या कानावर हे वाक्य येणारच : "आई, माझी गिटार अजून उघडलीच नाहीये गं!" तुम्ही म्हणाल, उघडायला ती काय पेटी आहे की फडताळ? पण ही गिटारवाल्यांची खास बोली आहे. नव्या गिटारचा आवाज कोंडल्यासारखा असतो, पाच-दहा वर्षं वाजवून वाजवून तिचं लाकूड मोकळं होतं आणि मग आवाज भरदार, गोड येऊ लागतो, असं त्यांच्यात फार पूर्वीपासून मानतात. बरं, पाच-दहा वर्षं वाट बघायला आजकाल वेळ कुणाला आहे? तेव्हा हौशी लोकांनी युक्ती काढली. आपण वाजवायच्या ऐवजी गिटारला यंत्रानेच दिवसरात्र थरथरवत ठेवायचं. म्हणजे म्हणे दोन आठवड्यांत काही वर्षांच्या वाजवण्याचं पुण्य पदरात पडतं!

अमेरिकेत यासाठी 'टोनराइट' नावाचं तयार यंत्र मिळतं. ब्रिजच्या जवळ, तारांवर ते बसवायचं, भिंतीतल्या प्लगला जोडायचं आणि सोडून द्यायचं. त्याची किंमत काही थोडीथोडकी नाही. आपल्या रुपयांत मोजायला गेलं तर पुष्कळ घरांतली अख्खी गिटारच तेवढ्याची असते. मग गरज ही शोधाची आई, या न्यायाने घरगुती अवतार निघाले. कुणी माशांच्या काचपेटीचा हवेचा पंप गिटारला बांधतो. कुणी बंद पडलेल्या मसाजच्या यंत्रातली मोटर काढतो. तिच्या दांड्यावर वजन मुद्दाम एका बाजूला बसवलेलं असतं, त्यामुळे ती फिरली की थडथडते. पुष्कळ मोबाइल थरथरतात तेही अशाच इवल्याशा मोटरमुळे. कुणी गिटार कपाटात उभी करून तिच्यासमोर स्पीकर ठेवतो आणि रात्रभर गाणी लावतो. जरा जास्त हौशी असले तर पुठ्ठ्याचा कोन नसलेला, नुसती धडधड देणारा छोटा स्पीकर आणून ब्रिजवरच चिकटवतात.

आमच्या घरी अवतरला तो पंप. शेजारच्या काकूंचा मुलगा इंजिनियरिंगला आहे. त्याच्या हाताला स्वस्थता म्हणून नाही. त्यानेच ही विद्या आणली.

पण त्याआधी त्याची गरज का पडली ते सांगते. माझी लेक आठवीत आहे. दीड वर्षापूर्वी आम्ही तिला साडेसहा हजारांची गिटार घेऊन दिली. ते साडेसहा हजार म्हणजे माझ्या अर्ध्या वेळच्या शिक्षिकेच्या पगारातून बाजूला टाकलेले, त्यामुळे मला ते नाणं न् नाणं आठवतं. पहिले सहा महिने घरात नुसता उत्साह होता. मग हळूहळू गिटार पलंगाखाली जायला लागली. क्लासमधल्या सरांनी तिच्या हातातून गिटार घेऊन दोन तारा छेडल्या आणि म्हणाले, "आवाज मेलेला आहे. पुढच्या परीक्षेच्या आधी चांगली घ्या, पंचवीस हजारांपर्यंत." आमच्याकडे 'हे' गप्प बसले. लेकीने मात्र भलताच अर्थ काढला. मला म्हणाली, "आई, गिटार नाही गं, माझाच हात वाईट आहे. मी सोडूनच देते." तेरा वर्षांच्या मुलीने असं म्हणावं, हे मला त्या पंचवीस हजारांपेक्षा जास्त लागलं. म्हणून मी या प्रकरणाच्या मुळाशी जायचं ठरवलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई, विज्ञानाची आणि माझी गाठ दहावीलाच सुटली. पण समजून घ्यायला काही बंदी नाही ना?

आधी तो पंप समजून घेऊ. त्याच्या पोटात तारेचं वेटोळं असतं आणि त्याच्यासमोर लोहचुंबक लावलेली एक दांडी. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. वेटोळ्यातून ती फिरली की दांडीही सेकंदाला ५० वेळा हेलकावते, रबराचा पडदा दाबते आणि हवा पाण्यात जाते. अमेरिकेत विजेचे फेरे ६०, म्हणून तिथला पंप ६० वेळा हलतो. आता गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर सेकंदाला साधारण ८२ कंपनांचा, तिच्या शेजारच्या तारेचा ११०. गिटारच्या पोटातली हवा शंभराच्या आसपास घुमते आणि वरची फळी दोनशेच्या आसपास. म्हणजे हा पंप गिटारला तिच्या गळ्यात मुळात नसलेल्या खालच्या सुरात घुमवत असतो. त्याच्या कर्कश घुरघुरीत १०० आणि १५० चे वरचे सूरही मिसळलेले असतात, तेवढाच काय तो उपयोग. गाणाऱ्या बाईकडून महिनाभर नुसतं "हूं हूं" करून घेतलं तर तिचा गळा तयार होईल का, हा माझा अडाणी प्रश्न. इंजिनियरबाबूंना तो मुळीच आवडला नाही!

पण त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं, हेही मला सांगितलं पाहिजे. गिटारची वरची फळी बहुधा स्प्रूस नावाच्या लाकडाची, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची. सहा पोलादी तारांचा मिळून सत्तर किलोच्या घरातला ताण ती पेलते, म्हणजे एक धष्टपुष्ट माणूस सतत तिला ओढत असावा तसं. या लाकडाला दोन गुण हवेत. एक ताठपणा आणि दुसरा म्हणजे सूर गिळून न टाकण्याचा. ओल्या लाकडी पाटावर टिचकी मारा, मग वाळलेल्या पाटावर मारा. ओला पाट 'थप' करून गप्प बसेल, वाळलेला 'टण्ण' म्हणेल. १९९६ साली 'नेचर' या नामांकित विज्ञानपत्रिकेत हंट आणि बालसान या संशोधकांचं छोटंसं टिपण छापून आलं. दमट हवेत स्प्रूसच्या पट्ट्या बराच काळ कंपवत ठेवल्या, तर त्यांचा ताठपणा थोडा वाढतो आणि सूर गिळणं थोडं कमी होतं, असं त्यांना आढळलं. यंत्र विकणारे आणि घरी बनवणारे ज्या पायावर उभे असतात, तो असा हा.

मात्र सुटी पट्टी वेगळी आणि सरस लावून, पॉलिश देऊन, तारा चढवून तयार झालेलं वाद्य वेगळं. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या विद्यापीठातल्या मंडळींनी तर पुरी तीन वर्षं या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. एकाच कारागिराकडून, एकाच झाडाच्या लाकडाची दोन जुळी व्हायोलिन करून घेतली. एक कसलेल्या वादकाच्या हाती दिलं, ते तो नेमाने वाजवायचा. दुसरं पॉवरहाउस म्युझियममध्ये नीट जपून ठेवलं, क्वचितच वाजवलं. तीन वर्षांनी वादकांना आणि ऐकणाऱ्यांना बसवून दोन्हींची पारख केली, तर म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. हे २००५ साली प्रसिद्ध झालं. पुढे २०१४ साली खुद्द गिटारवरच, अशाच बाजारी यंत्राची परीक्षा झाली. ३४८ तास, म्हणजे साडेचौदा दिवसरात्र कंपनं दिली. आधी आणि नंतर नऊ अनुभवी गिटारवादकांनी, कुठल्या गिटारवर उपचार झालाय हे माहीत नसताना, आवाजाला गुण दिले. उपकरणांनीही मोजमाप केलं. तिथेही ठळक असा फरक दिसला नाही.

मग जुनी वाद्यं गोड का लागतात? आमच्या सासूबाईंकडे त्यांच्या वडिलांचा मिरजेचा तंबोरा आहे. त्याची जवारी अजून अशी बोलते की भजनाला आलेल्या बायका गप्प होतात. मला वाटतं, यात थोडी गंमत अशीही आहे की वाईट तंबोरे केव्हाच बंबात गेले. जे चांगले होते तेच जपले गेले, म्हणून जुनं ते सगळं गोड वाटतं. आणि लाकूड वयाने बदलतं हे तर खरंच. आता काही कंपन्या लाकूड हवाबंद भट्टीत तापवून मुद्दाम ते वय आणतात. पण ते गिटार बांधायच्या आधी करायचं काम. कृपा करून कुणी तयार गिटार ओव्हनजवळ नेऊ नका. सरस सुटेल आणि फळ्या हातात येतील.

तर आमचा घरगुती प्रयोग. लेकीच्या मैत्रिणीकडे त्याच दुकानातली, त्याच जातीची, त्याच महिन्यात घेतलेली गिटार होती. ही फार सोयीची गोष्ट झाली. दोन्हींना एकाच दिवशी, एकाच कंपनीच्या नव्या तारा चढवल्या. ही अट मी घातली, कारण जुन्या तारा काढून नव्या घातल्या की आवाज तसाही उजळतो आणि श्रेय पंप घेऊन जातो. मग इंजिनियरबाबूंनी पडद्यामागे बसून दोन्ही गिटारींवर एकच चाल दहा वेळा वाजवली. कुठली आधी, ते दरवेळी नाणं उडवून ठरवायचं. आम्ही ऐकणाऱ्या सहाजणी पाठमोऱ्या बसून "पहिली गोड की दुसरी" ते कागदावर लिहायचो. मतं साधारण निम्मी निम्मी पडली. दोन आठवडे लेकीची गिटार पंपाच्या हवाली केली, तेही फक्त घरात कुणी जागं असताना. मैत्रिणीची गिटार तशीच ठेवली, आणि त्या दोन आठवड्यांत दोन्हींपैकी एकही वाजवायची नाही असं ठरलं.

आता यातली खरी गंमत ऐका. पंप काढला त्या संध्याकाळी, परीक्षेच्या आधीच, लेकीने गिटार छेडली आणि सगळे ओरडले, "केवढा फरक पडला!" सासूबाई म्हणाल्या, "आता कशी खणखणीत बोलते!" आमचे 'हे' एरवी रेडिओवर गायक कोण आहे तेही ओळखत नाहीत, त्यांनीसुद्धा मान डोलावली. मलाही, खरं सांगते, आवाज मोठा वाटला. मग पुन्हा पडदा, पुन्हा नाणं, पुन्हा दहा खेपा. आणि मतं? पुन्हा निम्मी निम्मी! सासूबाईंनी तर दहांपैकी सहा वेळा मैत्रिणीची, म्हणजे पंप न लावलेली गिटार गोड ठरवली. वाजवणाऱ्याला सगळं माहीत होतं, त्यामुळे याला काटेकोर प्रयोग म्हणता येणार नाही. पण आमच्यापुरता निकाल लागला. यात कुणी खोटं बोललं असंही नाही. पदार्थ कुणी केला हे कळलं की जिभेला चव बदललेली लागते. कानाचंही तसंच असावं.

खर्चाचं म्हणाल, तर चार वॅटचा पंप साडेतीनशे तास चालला तरी दीड युनिटच्या आतबाहेर वीज जाते. तेव्हा खिशाला धक्का नाही. धोका आहे तो वेगळाच, आणि तो मी मुद्दाम ठळकपणे सांगणार आहे. गिटारच्या तारा धातूच्या असतात. २३० व्होल्टवर चालणारा पंप उघडून, त्याची दांडी बाहेर काढून तारांना टेकवायची कृती पुष्कळजण करतात. आतलं वेटोळं उघडं पडून तारेला लागलं तर सबंध गिटार 'जिवंत' होते, आणि मूल येऊन तिच्यावर हात ठेवतं. हे मुळीच करू देऊ नका. करून बघायचंच असेल तर मोबाइलच्या चार्जरवर, पाच व्होल्टवर चालणारी छोटी मोटर घ्या. आणि यंत्राखाली रबर ठेवू नका. काही गिटारींच्या पॉलिशवर रबराचे डाग पडतात, ते जात नाहीत. जुन्या सुती साडीची जाड घडी उत्तम.

मग आमच्या गिटारचा 'मेलेला' आवाज कुठून आला होता? नव्या तारा चढवल्या तेव्हाच निम्मा जीव परत आला होता. दुकानातून आलेल्या तारांवर दीड वर्ष घामाचा हात लागलेला, त्यात आमचं घर कल्याणला खाडीच्या बाजूला. पावसाळ्यात इथे पापडसुद्धा दोन तासांत मऊ पडतात, तर तारांची काय कथा! तांबूस पुटं चढून त्या खरखरीत झाल्या होत्या. उरलेलं दुखणं दादरला एका गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराने सांगितलं. त्याने पट्टी घेऊन बाराव्या पट्टीवर तारेची उंची मोजली, चार मिलिमीटर! जाड तारेला दोन-अडीच मिलिमीटर पुष्कळ झाली. इतकी उंच तार दाबायला पोरीच्या बोटांत बळ कुठून येणार? अर्धवट दाबलेली तार खरखरते, नाहीतर मुकी राहते. त्याने ब्रिजवरची पांढरी पट्टी, तिला सॅडल म्हणतात, ती काढून खालून घासली, तारांच्या खाचा नीट केल्या आणि अर्ध्या तासात गिटार परत दिली. तारा आणि मजुरी धरून सगळं हजाराच्या आत. लेकीने तिथेच बाकावर बसून एफ कॉर्ड धरली. सहा महिने जो तिच्याकडून वाजत नव्हता तो कॉर्ड वाजला. माझ्याकडे बघून म्हणाली, "हात ठीक आहे." मी काहीच बोलले नाही. परतीच्या गाडीत गिटार मांडीवर उभी धरून बसली होती.

तेव्हा पंचवीस हजारांचा विषय निघालाच, तर आधी या दोन गोष्टी बघून घ्या. तारा रोज वाजवणाऱ्याने तीन-चार महिन्यांनी बदलाव्यात आणि वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसाव्यात. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के दमटपणा मानवतो. आपल्याकडे कोकणपट्टीत पावसाळ्यात तो ऐंशीच्या वर जातो. तेव्हा गिटार भिंतीला टेकून ठेवू नका, पिशवीत ठेवा आणि पिशवीत पर्स-बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. विदर्भातल्या मैत्रिणींनी नेमकं उलट करायचं. उन्हाळ्यात तिकडची हवा इतकी कोरडी की फळीला चीर जाते. साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला, घट्ट पिळलेला स्पंजचा तुकडा घाला आणि ती डबी पिशवीत, लाकडाला न लागेल अशी ठेवा. दुकानात गिटार घेताना वरची फळी अखंड लाकडाची आहे की प्लायची, हे मात्र जरूर विचारा. आवाजात फरक पडतो तो इथे.

आता या सगळ्या शोधाशोधीत मला एक वेगळाच ठेवा सापडला, तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. थरथरणारी फळी डोळ्यांना दिसते कशी? रांगोळीने! क्लाड्नी नावाच्या जर्मन गृहस्थाने १७८७ साली ते छापून दाखवलं. पितळी पत्र्यावर वाळू पसरायची आणि कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा. जिथे पत्रा हलतो तिथली वाळू उडते, जिथे स्थिर असतो तिथे गोळा होते आणि अगदी ठिपक्यांच्या रांगोळीसारखी नक्षी उमटते. हा खेळ नेपोलियनने पाहिला आणि याचं गणित मांडणाऱ्याला तीन हजार फ्रँकचं बक्षीस ठेवण्यात आलं. ते मिळवलं कुणी? सोफी जर्मेन नावाच्या बाईने! मुलगी म्हणून तिला कॉलेजात जायला बंदी, तेव्हा पुरुषाचं नाव लावून ती गणितं पाठवायची. लहानपणी रात्री अभ्यास करू नये म्हणून आईवडील तिच्या मेणबत्त्या काढून घेत. दोनदा तिच्या उत्तराला बक्षीस मिळालं नाही. तिसऱ्यांदा, १८१६ साली, बक्षीस तिचं. समारंभाला ती गेलीच नाही.

दुसरी अमेरिकेतली कार्लीन हचिन्स. शाळेत विज्ञान शिकवणारी, मुलंबाळं असलेली. पंचाहत्तर डॉलरच्या व्हायोलाचा आवाज आवडेना, म्हणून तिने स्वयंपाकघरात स्वतःच व्हायोला कोरायला घेतला. पुढे स्पीकरवर फळी धरायची, वर चमकीची पूड टाकायची आणि नक्षी बघत बघत लाकूड तासायचं, असा तिचा शिरस्ता पडला. शेकडो वाद्यं तिने बनवली. त्यातून वाद्यांच्या विज्ञानात असं नाव कमावलं की मोठमोठे शास्त्रज्ञ तिच्याबरोबर काम करत. २००९ साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी ती वारली.

सुट्टीत मुलांना करून दाखवायचं असेल, तर एका खोलगट वाडग्यावर पातळ प्लास्टिकचा कागद ढोलकीसारखा ताणून रबराने घट्ट बांधा. वर चिमूटभर रवा किंवा कोरडी रांगोळी पसरा. तोंड जवळ नेऊन, पण फुंकर न घालता, मोठ्याने 'सा' लावा आणि हळूहळू सूर चढवत न्या. एका ठरावीक सुराला रवा अचानक नाचायला लागेल. तो त्या वाडग्याचा सूर. वाडगं बदला, सूर बदलेल. कागद सैल पडला असेल तर काही होणार नाही, तेव्हा तो ताणायला दोघी जणी लागतील. आणि हा उद्योग केर काढायच्या आधी करा, नंतर नको.